एका शर्टाचे अकरा शॉट

सकाळी ६.००

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा आहे. इथून कॅमेरे भाड्यानं जातात. दादा चलन वाचतायत. एक ओळ वाचायची, ती वस्तू हातात घ्यायची, मग पुढची ओळ. कॅमेरा बॉडी एक. लेन्स दोन, पस्तीस आणि पंच्याऐंशी एमएम. पाच इंची मॉनिटर. एनडी फिल्टर. बॅटऱ्या तीन, कार्डं दोन. ट्रायपॉड हेडसकट. लेन्सच्या टोप्या पुढच्या-मागच्या. शेवटी वेळ लिहून सही.

कॅमेरा भाड्यानं घेतला की त्याच्याबरोबर माणूस येतो. त्याला अटेंडंट म्हणतात. पेट्या उचलणं, लेन्स बदलणं, बॅटऱ्या चार्ज करणं आणि दिवसभर कॅमेऱ्यावर डोळा ठेवणं हे त्याचं काम. शिफ्ट बारा तासांची. ती सेटवर पोचल्यावर सुरू होत नाही. सही केली की सुरू, आणि सामान इथे परत आलं की संपली. गोडाऊन ते गोडाऊन. नवीन पोरांना हे माहीत नसतं, असं दादा म्हणतात. संध्याकाळी कळतं.

दादा मूळचे संगमेश्वरकडचे. राहतात भाईंदरला. आजचं शूटिंग मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये, म्हणजे घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तरी पहाटे उठून अंधेरीला यायचं, सामान उचलायचं आणि आल्या वाटेनं परत जायचं.

६.२०

लोकलमधला लगेजचा डबा. दादरहून निघालेली फुलांची गाठोडी आहेत, झेंडूचा ओला वास आहे. रविवार असून जागा नाही. दादांनी कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेतलीय, ट्रायपॉड दोन गुडघ्यांत उभा धरलाय. फूलवाल्यानं विचारलं, बंदूक आहे का? दादा म्हणाले, त्याहून महाग.

मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षा. ट्रायपॉडमुळे दोन सीटचे पैसे. ते ‘कन्व्हेयन्स’मधून जाणार. कन्व्हेयन्सचे तीनशे ठरलेत. जितकं वाचेल तितकं दादांचं.

७.१०

सिल्व्हर पार्क. काशीमिऱ्याकडून भाईंदरकडे जाणारा मोठा रस्ता. खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रोचा मार्ग. पूल आणि मेट्रो दोन्ही एकाच ओळीतल्या खांबांवर. रस्त्याला लागून जुन्या सोसायट्या आहेत. त्यातल्या एकीच्या गेटवर पाच पोरं उभी आहेत. माध्यम अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष. एक दिग्दर्शक, एक कॅमेऱ्यावरची मुलगी, एक आवाजवाला, एक कंटिन्युइटीवाली आणि एक पैसे सांभाळणारा. या पाचव्याच्या हातात वही आहे. प्रत्येकी दीड हजार, एकूण साडेसात. कॅमेऱ्याचं सगळं मिळून बत्तीसशे. दादांची शिफ्ट अकराशे. सोसायटीला पाचशे, पावतीसकट.

कॉलेजनं कागद दिलाय. पाच मिनिटांची फिल्म, संवाद नाही, आणि त्यात हे अकरा शॉट हवेतच. अतिदूर, दूर, मिड, क्लोज, टाइट क्लोज, ओव्हर द शोल्डर, पीओव्ही, लो अँगल, टॉप अँगल, पॅन, ट्रॉली. प्रत्येकापुढे चौकोन. बरोबरची खूण करायला.

गोष्ट साधी. इस्त्रीवाल्याला गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या खिशात पाचशेची नोट सापडते. पुढे काय?

कॅमेऱ्यावरची मुलगी पुढे आली. “गुड मॉर्निंग दादा.” दादा म्हणाले, “मॅडम, सामान कुठे लावू?” ती एकोणीस वर्षांची आहे. मॅडम म्हटल्यावर तिनं मागे वळून पाहिलं.

७.३०

गच्ची. किल्ली सेक्रेटरींकडून, नऊपर्यंत परत करायच्या बोलीवर. जानेवारीतलं ऊन आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून नुकतंच वर आलेलं. धुकं आणि धूर यांत फरक करता येत नाही. पाण्याच्या टाक्या, डिशच्या तबकड्या, खाली पूल.

अतिदूर शॉट सोपा वाटतो. ट्रायपॉड ठेवा, बटण दाबा. दादांनी आधी ट्रायपॉडचे तिन्ही पाय वेगवेगळ्या उंचीला लावले, कारण गच्चीला पाणी वाहून जायला उतार आहे. हेडवर पाण्याचा बुडबुडा असतो. तो मध्ये येईपर्यंत त्यांनी मुलीला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. “हा बाहेर असला ना, तर पॅन करताना इमारती पडायला लागतात.”

मग पॅन. डोंगरापासून रस्त्यापर्यंत. मुलीनं फिरवला. स्क्रीनवर इमारती फडफडत गेल्या. पुन्हा फिरवला. आता मध्येच थबकला.

दादा तिच्या पायांकडे बघत होते. “मॅडम, पाय जिथे थांबायचंय तिकडे करा. आता कंबर वळवून सुरुवातीला या. हं. आता सोडा स्वतःला.” पीळ सुटावा तशी ती सावकाश फिरली आणि शेवटी सरळ उभी राहिली. शॉट गुळगुळीत आला. सुरुवातीला दहा आकडे मोजायचे, मग फिरवायचं, थांबल्यावर पुन्हा दहा. नंतर फिल्म कापणाऱ्याला कडा लागतात.

गच्चीवरूनच खाली वाकून टॉप अँगल. इस्त्रीवाला टेबल बाहेर काढून पुसतोय, वरून फक्त टोपी आणि खांदे. मुलगी कठड्यावर ओणवी, दादांनी कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या मनगटाला गुंडाळलेला. आठव्या मजल्यावर ते तिच्याशी काही बोलले नाहीत.

पाचव्यानं कागदावर तीन चौकोनांत खुणा केल्या.

८.२०

चहा, वडापाव. दिग्दर्शकानं नारळ आणलाय, पस्तीस रुपयांचा. कॅमेऱ्यासमोर अगरबत्ती. नारळ कोणी फोडायचा यावर थोडी चुळबुळ. इस्त्रीवाल्या चाचांनी टेबलाखालचा दगड काढला आणि एका दणक्यात दोन भकलं केली. मोठ्या सेटवरही असंच असतं. लाखोंचा कॅमेरा असो, पहिल्या दिवशी त्याच्यासमोर नारळ फुटतो. खोबरं मात्र इथे पूर्ण संपलं.

चाचा जौनपूरचे. या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये जिन्याशेजारी त्यांचं टेबल आहे. एका कपड्याचे दहा रुपये. इस्त्री कोळशाची, सहा-सात किलोची. दिवसाला दोन-अडीच किलो कोळसा लागतो. रविवार म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा दिवस, कारण सोमवारी सगळ्यांना शर्ट हवा आणि पोरांना गणवेश. कॉलेजच्या पोरांना मात्र रविवारीच सुट्टी. सौदा हजारावर ठरला. अट एकच. चार वाजले की टेबल मोकळं. “पहले धंदा, फिर सिनेमा.”

८.५०

मास्टर. म्हणजे संपूर्ण प्रसंग एका दूर शॉटमध्ये सलग घ्यायचा. चाचा इस्त्री करतायत, खिशात हात जातो, नोट निघते, गिऱ्हाईक येतं, शर्ट घेऊन जातं. गिऱ्हाइकाचं काम ‘बी’ विंगमधल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांकडे आहे. ते कडक शर्ट घालून साडेआठपासून तयार.

१८९९ साली सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. कॅमेरा समोर ठेवला, पैलवान लढले. मास्टर म्हणजे तेच. बाकीचे सगळे शॉट नंतर आले.

पण इथे कुस्ती वेगळीच सुरू झाली. मॉनिटरवर काळे पट्टे वरून खाली सरकतायत. पार्किंगमधली ट्यूबलाइट. मुलीनं लेन्स पुसली. पट्टे तिथेच. दादांनी मेन्यूत जाऊन दोन आकडे बदलले. सेकंदाला तीस फ्रेमच्या पंचवीस केल्या, शटर एक पन्नासांश. पट्टे गेले.

“कसं काय?” मुलीनं विचारलं.

“पंचवीसला पन्नास. ट्यूबलाइट असली की हेच ठेवायचं. साठ अमेरिकेत.”

ती दोन मिनिटं गप्प होती. मग स्वतःच बोलली. आपली वीज पन्नास हर्ट्झची. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. शटर त्याच्या पटीत असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. दादांनी मान हलवली. हे त्यांना कोणी असं समजावलं नव्हतं. आकडे मात्र वीस वर्षं पाठ आहेत.

मास्टरचा पहिला टेक, गेटातून पाण्याचा टँकर आला. दुसरा, तिसऱ्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या. संवाद नाहीत, तरी आवाजवाला हट्टाला पेटलाय. तिसऱ्यात काका कॅमेऱ्याकडे बघून हसले. चौथा ओके.

दिग्दर्शकाला खरं म्हणजे इथेच थांबायचं होतं. त्याला चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आवडतो. लांबून, स्थिर, कॅमेरा हलत नाही आणि माणसं आपापली कामं करतात. मलाही आवडतो. पण कागदावर अजून सात चौकोन रिकामे.

१०.००

आता मिड. कंबरेपासून वर. झूम लेन्स नाही, म्हणजे जवळ जायचं तर चालत जायचं. ट्रायपॉड उचला, चार पावलं पुढे, पाय लावा, बुडबुडा मध्ये आणा, मॉनिटरची वायर सोडवा. एका शॉटचं नाव बदलतं तेव्हा दादांच्या खांद्यावरून पंधरा किलो हलतात.

फ्रेम कुठे कापायची यावर खल. मुलीनं चाचांना बरोबर कोपरावर कापलं. दादा म्हणाले, “सांध्यावर नको. गुडघा, कोपर, मनगट, तिथे कापलं की माणूस लुळा दिसतो. थोडं वर घ्या, नाहीतर खाली.” डोक्यावर किती जागा ठेवायची, बघतोय त्या बाजूला किती, हे सगळं ते बोटानं मॉनिटरवर दाखवतात. काचेला बोट लावत नाहीत.

सूर्य जिन्याच्या बाजूनं येतोय, चाचांचा अर्धा चेहरा काळा. मोठ्या शूटला आठ बाय चारची थर्माकोलची शीट असते. इथे नाही. वॉचमननं भंगाराच्या खोलीतून टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल काढून दिलं, खाचा-खळग्यांचं. आवाजवाल्यानं ते छातीशी धरलं. चाचांच्या काळ्या गालावर मऊ उजेड आला. आवाजवाला पुढचा अर्धा तास तसाच. हात थरथरला की उजेडही थरथरतो, म्हणून त्याला जिन्याच्या पायरीवर बसवलं, कोपर गुडघ्यावर टेकून.

सगळं तयार. दिग्दर्शक म्हणाला, रोल. आणि कंटिन्युइटीवाली ओरडली.

शर्ट.

मास्टरमध्ये तो आकाशी शर्ट चुरगळलेला होता. फ्रेम लागेपर्यंत चाचा रिकामे कसे बसणार? त्यांनी तो इस्त्री करून टाकला होता. नुसता केला नाही, कॉलर उभी, बाह्यांना धार, घडी घालून बाजूला ठेवलेला. वर अजून चार शर्टही.

“मोठ्या पिक्चरला एका शर्टाचे तीन शर्ट आणतात,” दादा म्हणाले. इथे एकच, दिग्दर्शकाच्या वडिलांचा. मग पाणी मारलं, पिळला, झटकला, मुठीत चुरला. चाचा बघत राहिले. त्यांचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत मोडलं जात होतं, आणि त्यांनी पुन्हा इस्त्री करायची होती. पुढचे दोन तास तोच शर्ट. करा, चुरगळा, करा. दहा रुपये कपडा या हिशेबानं त्या शर्टाचे किती झाले ते चाचा हसत मोजत होते.

कंटिन्युइटीवालीनं आता वहीत चित्रंच काढायला घेतली. इस्त्री उजव्या हातात की डाव्या. डावी बाही टेबलावर की लोंबती. मोबाइलवर फोटो. दिवसातलं सगळ्यात किचकट काम तिचं आहे, आणि त्याला कागदावर चौकोनच नाही.

११.२०

क्लोज. लेन्स बदलायची. दादा बॅग जमिनीवर ठेवून तिच्याआड पाठमोरे बसले, धूळ बसू नये म्हणून. पस्तीस काढली, पंच्याऐंशी लावली. उघड्या बॉडीचं तोंड खाली. हात ओला नाही ना ते आधी पँटला पुसून.

चाचांनी इस्त्रीचं झाकण उघडलं. आत निखारे. मुलीनं श्वास रोखला. आजवर तिनं हे हजारदा पाहिलं असेल, जाता-येता. फ्रेमभर निखारे कधी पाहिले नव्हते. हवेचा झोत आला की लाल, नाहीतर राखाडी. शॉट घेताना कॅमेरा हातभर अंतरावर. दादांचा तळवा लेन्सच्या खाली, धग मोजायला. “बास. मागे.” कॅमेरा मागे, पुन्हा गार होऊ द्यायचा, पुन्हा पुढे. चाचांच्या मनगटावर भाजल्याचे जुने पांढरे डाग आहेत. ते फोकसमध्ये आले. दिग्दर्शकानं काही न बोलता शॉट लांबवला.

मग टाइट क्लोज. नोट. ही नोट वहीवाल्याच्या हिशेबातली, म्हणजे जेवणाच्या पैशांतलीच आहे. शॉट ओके होईपर्यंत जेवण मागवता येत नाही. तो नोटेवरून नजर काढत नाहीये. चाचांचा अंगठा, शर्टाचा खिसा, त्यातून वर येणारा करडा कोपरा. फोकस इतका पातळ की अंगठा स्पष्ट झाला की नोट पुसट. मुलगी रिंग फिरवतेय, चुकतंय. दादांनी लेन्सच्या रिंगवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावला, पेन्सिलनं दोन रेघा. ही अंगठ्याची, ही नोटेची. आता डोळे मिटूनही येईल.

इतक्या जवळून बघायला आपल्याकडे शिकवलं ते प्रभातनं. ‘अमृतमंथन’ १९३४चा. शांतारामबापूंनी टेलिफोटो लेन्सनं राजगुरूचा, म्हणजे चंद्रमोहनचा, पडदाभर डोळा दाखवला. लोक खुर्चीत मागे सरकले असतील. त्याच प्रभातच्या जागेवर पुण्यात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे जायचं या मुलीच्या मनात आहे. घरी अजून बोललेली नाही. मला का सांगितलं, माहीत नाही.

क्लोज संपले असं वाटत होतं. दादा म्हणाले, “सर, चाचांचा एक रिकामा चेहरा घेऊन ठेवा.”

“रिकामा म्हणजे?”

“काहीच करायचं नाही. बघायचं फक्त. लागतो.”

दिग्दर्शकाला पटलं नाही. चेहऱ्यावर भाव नको? पण दादांनी लेन्स काढलीच नाही, म्हणून घेतला. चाचांना सांगितलं, त्या खांबाकडे बघा. चाचांनी खांबाकडे बघितलं. वीस सेकंद. बहुतेक राहिलेल्या कपड्यांचा विचार करत असावेत.

१२.५०

नोट सुटली. आठ थाळ्या, एकशे दहाची एक. जेवण जिन्याच्या पायऱ्यांवर. दादा कॅमेऱ्याची बॅग पायाला टेकवून जेवले.

जेवताना रोलच्या दिवसांची गोष्ट निघाली. चारशे फुटांचा डबा, साडेचार मिनिटांत खलास. काळ्या कापडी पिशवीत दोन्ही हात घालायचे आणि न बघता मॅगझिन भरायचं. फिल्म कुठे अडकली ते बोटांना कळायचं. उजेड शिरला की रोल गेला, आणि रोल गेला की आपण गेलो. “तेव्हा असे चार-चार टेक नाही मिळायचे, मॅडम. आधी तालीम, मग तालीम, मग टेक.” पोरांनी सकाळपासून किती रेकॉर्ड केलं ते वहीवाल्यानं पाहिलं. पहिलं कार्ड भरत आलेलं. कोणी काही बोललं नाही, पण दुपारनंतर तालमी वाढल्या.

बॅटरी नंबर दोन चार्जरवर लावली होती. वीस टक्क्यांच्या पुढे जाईना. दादांनी तिच्यावर टेप लावून फुली मारली.

१.४०

ओव्हर द शोल्डर. काकांच्या खांद्यावरून चाचा, मग चाचांच्या खांद्यावरून काका. पहिला झाला. दुसऱ्यासाठी दिग्दर्शकानं ट्रायपॉड टेबलाला वळसा घालून जिन्याच्या बाजूला नेला, तिथला उजेड चांगला म्हणून. घेतला. छान दिसतोय. दोन्ही शॉट मोबाइलवर एकापाठोपाठ लावून बघितले, आणि चाचा-काका दोघंही एकाच दिशेला बघतायत. बोलतायत कोणाशी?

दादांनी खिशातून खडू काढला. चाचांच्या पायापासून काकांच्या पायापर्यंत फरशीवर रेघ मारली. “टीव्हीवर कबड्डी बघता ना? कॅमेरा एकाच बाजूला. म्हणून कोण कुठल्या कोर्टातला ते कळतं. या रेघेच्या पलीकडे जायचं नाही.” पोरं हे वर्गात शिकलीयत, एकशे ऐंशी अंशांचा नियम म्हणून. परीक्षेत आकृतीही काढलीय. रेघ फरशीवर दिसल्यावर मात्र कोणी तिच्यावर पायही देईना. वॉचमनसुद्धा वळसा घालून गेला.

काका उभे राहून दमले. स्टूल दिलं. स्टुलावर बसल्यावर खांदा फ्रेमच्या खाली गेला. मग स्टुलाखाली दोन विटा.

२.५०

लो अँगल पटकन झाला. कॅमेरा फरशीवर, खाली चाचांच्या लुंगीची घडी, वरून येणारी इस्त्री. पीओव्हीही. चाचांच्या नजरेतून काका गेटाकडे चालत जातात. फक्त कॅमेरा चाचांच्या डोळ्यांच्या उंचीला हवा, आणि चाचा मुलीपेक्षा वीतभर बुटके. तिला गुडघे वाकवून शॉट घ्यावा लागला. दुसऱ्याच्या नजरेनं बघणं मांड्यांना लागतं.

ट्रॉली उरली. ट्रॉलीचे रूळ भाड्यानं मिळतात, पण त्याचे पैसे वेगळे, ढकलायला माणसं वेगळी. पहिल्या मजल्यावरच्या आजींची व्हीलचेअर आहे. आजी दुपारच्या झोपल्यात, चारच्या चहापर्यंत वापरा असा निरोप आला. गोदारच्या १९६०च्या ‘ब्रेथलेस’मध्ये कॅमेरामन राऊल कुटार व्हीलचेअरवरच बसला होता. कॉलेजात हे सगळ्यांना माहीत. पण पार्किंगची फरशी पॅरिसची नाही. सांध्या-सांध्यावर धडधड. दादांनी चाकांतली थोडी हवा सोडली, चाचांकडून एक जुनी चादर मागून वाटेवर अंथरली. मुलगी खुर्चीत, कॅमेरा पोटाशी. दादा ढकलणार. ढकलणं म्हणजे हातांनी नाही, दोन्ही गुडघे किंचित मोडून सगळं अंग पुढे न्यायचं, एका लयीत. सुरुवात कळू द्यायची नाही, थांबणं कळू द्यायचं नाही. तीन वेळा तालीम केली. एका टेकमध्ये ओके.

दादांच्या कपाळावर घाम. मुलीनं विचारलं, तुम्ही कधी ऑपरेट केला कॅमेरा? “एकदा. डीओपींना ताप होता.” डीओपी म्हणजे मुख्य छायाचित्रकार. दादांनी पुढे काही सांगितलं नाही. चाकांत हवा भरायला वहीवाला सायकलवाल्याकडे गेला. दहा रुपये.

४.००

अकरा चौकोन भरले. फिल्म मात्र पूर्ण नाही. शेवट राहिलाय.

शेवटासाठी दिग्दर्शकानं एक क्लोज राखून ठेवला होता. संध्याकाळचं तिरकं ऊन, चाचांचा चेहरा, नोट द्यायची की ठेवायची, डोळ्यांत पाणी. सूर्य सव्वासहाच्या पुढे मावळतो, साडेपाचला ऊन पार्किंगमध्ये शिरतं. त्यानं आठवडाभर मोजून ठेवलं होतं.

चाचांनी टेबलावरचा आकाशी शर्ट उचलून त्याच्या हातात दिला. चार वाजले. मागे गाठोडी रचलीत, सोमवारचे शर्ट, पांढरे-निळे गणवेश. आणि दादांनी घड्याळ दाखवलं. सामान सहाला अंधेरीत पोचायला हवं. रविवारच्या गाड्या. म्हणजे इथून पावणेपाचला निघणं. नाहीतर अर्धी शिफ्ट वर, साडेपाचशे रुपये. वहीवाल्यानं पान उलटलं. एकशे सत्तर उरलेत.

“तुम्ही हे सकाळी का नाही सांगितलंत?” दिग्दर्शक.

“सर, चलनावर लिहिलंय. तुमची सही आहे.”

तो पायरीवर बसला. मुलगी मॉनिटरवर दिवसभरातले शॉट मागे-पुढे करत होती. तिनं नोटेचा टाइट क्लोज लावला. मग चाचांचा रिकामा चेहरा. मग काकांची पाठ, गेटाकडे जाणारी. पुन्हा चेहरा.

आम्ही सगळे त्या पाच इंचांवर वाकलो. खांबाकडे बघणारा माणूस नोटेनंतर घाबरलेला वाटत होता, पाठीनंतर लाजलेला. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्हनं हाच खेळ केला होता. एकच चेहरा, कधी सुपाच्या ताटलीनंतर, कधी शवपेटीनंतर. प्रेक्षकांनी भाव स्वतः भरले. पोरांनी तोही धडा वाचलाय. दिग्दर्शकानं तीनदा लावून बघितलं. “डोळ्यांत पाणी असतं तर...” असं म्हणाला, आणि वाक्य सोडून दिलं. मला विचाराल तर पाण्यानं शॉट बिघडला असता. पण मला कोणी विचारलं नाही.

४.२०

कॉपी. कार्डं कंपनीची, रिकामी परत करायची. लॅपटॉपवर एक प्रत, हार्ड डिस्कवर दुसरी. दोन्ही उघडून बघितल्याशिवाय दादा कार्ड पुसू देत नाहीत. पट्टी सरकतेय, सावकाश. तोवर बाकीचं आवरणं. वायर गुंडाळायची ती कोपरावर नाही, एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. ट्रायपॉडच्या पायांना लागलेली राख ओल्या फडक्यानं. खडूची रेघ पाणी टाकून पुसली, तशी सेक्रेटरींची अट होती. थर्माकोल वॉचमनला परत.

चाचा तिकडे सुटलेत. दिवसभर त्यांची इस्त्री शॉटसाठी सावकाश चालत होती. आता खरा वेग दिसला. एका शर्टाला दोन मिनिटंही नाहीत. आवाजवाल्यानं मोबाइल टेबलाच्या कडेला ठेवला आणि नुसता आवाज घेतला. धप्, सर्र, धप्. अख्ख्या दिवसात त्याला हवा तसा आवाज आता मिळाला.

पैसे दिले. चाचांनी हजार मोजून टोपीत ठेवले, आकाशी शर्टाचे वेगळे मागितले नाहीत. दादांचे अकराशे आणि कन्व्हेयन्सचे तीनशे. दादांनी वहीत सही केली.

४.५०

पाच मिनिटं उशीर. रिक्षा गेटात उभी. दादा बॅगेची चेन लावण्याआधी चलन पुन्हा वाचतायत, वस्तूला हात लावत. सगळं आहे. उद्या त्यांना नायगावला एका मालिकेचा कॉल आहे, पहाटे पाचचा.

मुलगी बॅग रिक्षात चढवू लागली. दादांनी ती तिच्या हातून घेतली. “आता पॅक-अप झालं, बाळा, राहू दे.” मग रिक्षात बसल्यावर डोकं बाहेर काढून म्हणाले, “ती दोन नंबरची बॅटरी. ऑफिसला मेसेज टाक, फोटोसकट. मी सांगून ऐकत नाहीत, गिऱ्हाइकानं लिहिलं की बदलतात. नाहीतर उद्या दुसऱ्या पोरांना तीच देतील.”

तिनं तिथेच उभ्यानं फोन काढला.